मध्यम वेगाचं सिगारेट मेकर (सिगारेट बनवणारं मशीन) घ्यायचंय : मोलिन्स मार्क ८ की मार्क ९?

प्रश्न: ६९ मिमी फिल्टर सिगारेट, दहाची पाकिटं, आठ तासांची एकच पाळी. परवाना आहे. जुनं, ओव्हरहॉल केलेलं मशीन घेताना काय तपासावं?

उत्तर १: मोलिन्स मार्क ८ मिनिटाला साधारण २००० देतं, मार्क ९ त्याच्या दुप्पट. पण हिशेब पॅकरपासून, म्हणजे पाकिटं भरणाऱ्या मशीनपासून, मागे लावा. २००० म्हणजे मिनिटाला २०० पाकिटं. पॅकर तेवढा नसेल तर मार्क ९ नुसतं थांबून राहील. मार्क ८ आठ तास सलग चाललं तर ९.६ लाख सिगारेट, प्रत्यक्षात ७० टक्के धरा, ६.७२ लाख.

उत्तर २: रिकामं फिरवून दाखवतील, भुलू नका. तुमचीच तंबाखू, तुमचाच कागद लावून तासभर पूर्ण वेगाने चालवायला सांगा. दर दहा मिनिटांनी नमुने घेऊन वजन करा. वजन वरखाली होत असेल तर आधी सक्शन टेप (तंबाखू ओढून धरणारा पट्टा) आणि ट्रिमरच्या (जादा तंबाखू छाटणाऱ्या) चकत्या बघा. टोकातून तंबाखू गळत असेल तर दोष दरवेळी मशीनचा नसतो: ओलावा १२-१३ टक्क्यांच्या खाली गेला की चुरा वाढतो.

उत्तर ३: सिगारेटच्या कागदाची शिवण उकलत असेल तर गोंदाचं नोझल आणि हीटर बघा. कापलेली कड फाटकी दिसली तर सुरी आणि लेजर (ledger, कापताना सिगारेटच्या दांड्याला आधार देणारा भाग). गार्निचर टेप (तंबाखूभोवती कागद गुंडाळणारा पट्टा), सुऱ्या, सक्शन टेपचा साठा करारातच लिहून घ्या. आणि हो, फिल्टर जोडणारं युनिट त्याच मेकरबरोबर चाललेलं हवं. वेगळं आणून जुळवण्यातच महिने जातात.