हीथक्लिफ गोरा दाखवला तर काय बिघडलं?

पेठेतली_मांजर
फेब्रुवारी २०२६ मध्ये आलेला एमरल्ड फेनेलचा वुदरिंग हाइट्स हा सिनेमा बघितला, एमिली ब्राँटेच्या कादंबरीवरचा, जेकब एलॉर्डी हीथक्लिफ, मार्गो रॉबी कॅथी. दिसायला भारी आहे, वादच नाही. पण त्याआधी महिनाभर रोज हिंजवडीच्या बसमध्ये कादंबरी वाचत होते आणि माझ्या डोक्यातला हीथक्लिफ सावळा, कारण पुस्तकात तसंच लिहिलंय. मैत्रीण म्हणते कादंबरी १८४७ ची, पात्र काल्पनिक, कोणीही करू दे की, तुला त्याच्या रंगाचं काय पडलंय. मला नीट उत्तर देता आलं नाही. उगाच कीस काढतेय का मी?

कॅम्पातला_एकटा
कीस नाही गं. त्याला लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेला, आणि शेजारचा लिंटन त्याला बघून म्हणतो हा छोटा लास्कर असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश कोणीतरी. लास्कर म्हणजे इंग्रजांच्या जहाजांवर राबणारे आपल्याकडचे खलाशी. शब्द लष्करवरूनच गेलाय, म्हणजे मी राहतो त्या लष्कर भागाचा (पुण्याचा कॅम्प) भाऊबंदच निघाला :) आता कॅथीचा भाऊ हिंडली त्याला नोकरासारखा राबवतो, कॅथी म्हणते याच्याशी लग्न केलं तर माझी पत जाईल, हे सगळं नुसतं गरिबीवरून नाहीये ना, तो गोरा केला की उरतो फक्त एक चिडका गरीब पोरगा. आणि गंमत म्हणजे एडगर, म्हणजे त्या लिंटनचा मुलगा आणि कॅथीचा नवरा, ज्याच्या गोऱ्या रंगावर आणि फिक्या केसांवर हीथक्लिफ पुस्तकात जळतो, तो इथे पाकिस्तानी वंशाच्या शझाद लतीफने केलाय. उलटंच की सगळं!

अर्धा_कटिंग
जरा थांबा. एमिली ब्राँटेनं तो नक्की कुठला हे कुठेच सांगितलेलं नाही, घरातली नोकर नेली तर त्याला समजावताना म्हणते कोण जाणे तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. १९३९ च्या सिनेमात गोऱ्या लॉरेन्स ऑलिव्हिएने हीथक्लिफ केलाच होता. पण २०११ चा अँड्रिया अर्नॉल्डचा बघाच, त्यात जेम्स हॉसन हा कृष्णवर्णीय हीथक्लिफ आहे, संवाद कमी, चिखल आणि वारा जास्त, तरी त्याचा अपमान अंगावर येतो. याउलट २०१९ चा डेव्हिड कॉपरफील्ड, देव पटेल डेव्हिड, आई गोरी, कोणी काही स्पष्टीकरण देत नाही आणि दहा मिनिटांत मी विसरलोही. कारण डेव्हिडचं दुःख रंगाचं नाहीच.

कोथरूड_जुने
इंग्रजांना कशाला धरताय. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा जैत रे जैत (१९७७) आपण सगळे डोक्यावर घेतो, मीही घेतो, गाणी पाठ आहेत. कथा ठाकर आदिवासींची. नाग्या मोहन आगाशे, चिंधी स्मिता पाटील. काम अप्रतिम, पण दोघंही ठाकर नाहीत, आणि हा प्रश्न मी स्वतःला विचारायला इतकी वर्षं लावली. आणि सैराटचा धडक करताना जात कशी पुसट झाली ते तर ताजंच आहे, हीथक्लिफचं तेच झालंय की.

पेठेतली_मांजर
जैत रे जैतचं लागलं काका. आईला हे म्हटलं तर आठवडाभर बोलणार नाही ती. मैत्रिणीला लास्करवालं पाठवलंय, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.