वर्डप्रेस: नऊ जण, एकच ॲडमिन लॉगिन. रोल कसे वाटायचे?

गिरणाकाठ
अहिराणी-मराठी मजकुराची वर्डप्रेस (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) साइट आहे. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, आखाजीचे झोके, रावेर-यावलच्या केळीवरचे लेख असं सगळं असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून नऊ जण लिहितात आणि सगळे एकाच ॲडमिन लॉगिनने आत शिरतात. कोणी काय बदललं ते कळत नाही, प्रत्येक लेखावर एकच नाव येतं. दोघं ज्येष्ठ आहेत म्हणून त्यांना ॲडमिन ठेवायचा विचार आहे. बाकीच्यांना कोणता रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, द्यावा: ऑथर की कॉन्ट्रिब्युटर? शिवाय दोन जुने लेखक आता लिहीत नाहीत, पण त्यांचे लेख त्यांच्याच नावाने राहायला हवेत.

तापीतीर
राम राम भाऊ. आधी ज्येष्ठांचं. मान द्यायचा तर 'आमच्याविषयी' पानावर त्यांची नावं सगळ्यात वर टाका, ॲडमिन रोल देऊ नका. ॲडमिनला प्लगइन (साइटला जादा सोय देणारं जोड-सॉफ्टवेअर) टाकता-काढता येतं, थीमची (साइटच्या रूपाची) फाइल बदलता येते, दुसऱ्या ॲडमिनलाही उडवता येतं. लेख तपासायला एडिटर पुरतो. सगळ्यांचे लेख दुरुस्त करणं, प्रसिद्ध करणं, कॅटेगरी, कॉमेंट, पानं, एवढं त्यात येतं. ॲडमिन दोनच ठेवा, होस्टिंग आणि बॅकअप जे सांभाळतात ते.

आता क्रम. तो उलटा झाला तर स्वतःच बाहेर अडकाल. जुन्या खात्यातून नवा ॲडमिन तयार करा. त्याला वेगळा ईमेल लागेल, कारण एका ईमेलवर दोन खाती होत नाहीत. दुसऱ्या ब्राउझरमधून त्या खात्याने आत जा आणि 'युजर्स' पान उघडतंय का ते बघा. मग बाकीच्यांची खाती करा. यूजरनेम विचार करून ठेवा, ते नंतर डॅशबोर्डवरून बदलत नाही. लेखावर दिसणारं नाव मात्र प्रोफाइलमध्ये केव्हाही बदलता येतं, देवनागरीतही चालतं.

यानंतर जुने लेख ज्याचे त्याच्या नावावर करा. 'पोस्ट्स'मध्ये 'स्क्रीन ऑप्शन्स' उघडून एका पानावरची संख्या वाढवा, एकेकाचे लेख टिक करा आणि बल्क एडिटमधून (निवडलेल्या सगळ्या लेखांत एकदम बदल) ऑथर, म्हणजे लेखकाचं नाव, बदला. सबस्क्रायबर (नुसतं लॉगिन असलेले, लिहिता न येणारे) त्या नावांच्या यादीत दिसतच नाहीत, म्हणून रोल आधी दिलेले हवेत. लिहिणं सोडलेल्या दोघांनाही तेवढ्यापुरतं कॉन्ट्रिब्युटर करा.

सगळ्यात शेवटी जुन्या खात्याचा पासवर्ड बदला. त्याने आत असलेले सगळे बाहेर फेकले जातात, पण ॲप्लिकेशन पासवर्ड तसेच राहतात. ही सोय २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत आली, प्रोफाइल पानावर खाली असते, आणि मोबाइल ॲप किंवा बाहेरचं एखादं साधन तिच्यावर चालू शकतं. तिथले सगळे रिव्होक (रद्द) करा, मगच त्या खात्याचा रोल उतरवा.

कपाशीचं बोंड
ऑथर की कॉन्ट्रिब्युटर, यावर. ऑथर स्वतःचा लेख स्वतःच प्रसिद्ध करतो. कॉन्ट्रिब्युटर लिहून 'सबमिट फॉर रिव्ह्यू' करतो आणि एडिटर प्रसिद्ध करतो. ऐकायला झकास, पण त्याला फोटो चढवता येत नाहीत, आणि लेख एकदा प्रसिद्ध झाला की स्वतःच्याच लेखातली वेलांटीसुद्धा दुरुस्त करता येत नाही. अहिराणीत एकच शब्द तीन जण तीन तऱ्हेने लिहितात, म्हणजे दुरुस्त्या निघणारच, आणि दर वेळी एडिटरला फोन.

माझं मत असं: नव्या माणसाला कॉन्ट्रिब्युटर ठेवा आणि 'अपलोड फाइल्स' एवढी एक परवानगी वाढवून द्या. 'युजर रोल एडिटर' किंवा 'मेंबर्स' प्लगइनमध्ये हे एक टीक लावायचं काम आहे. मात्र मग त्याला मीडिया लायब्ररीतले सगळ्यांचे फोटो दिसतात, तेव्हा बिलं-आधारकार्डांच्या प्रती तिथे पडू देऊ नका. चार-पाच लेख नीट आले की ऑथर करा.

ऑथरचा धोका वेगळा. तो स्वतःचे प्रसिद्ध झालेले लेख काढूनही टाकू शकतो. 'डिलीट पब्लिश्ड पोस्ट्स'ची टीक काढली की प्रसिद्ध लेख थेट काढणं थांबतं. तरीही लेख उघडून आतला मजकूर पुसता येतोच. तिथे रिव्हिजन, म्हणजे लेखाच्या साठवलेल्या जुन्या प्रती, कामी येतात, म्हणून साइट हलकी करायच्या नादात त्या बंद करू नका.

प्लगइन बंद केलं म्हणून रोल पूर्ववत होत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. रोलची व्याख्या डेटाबेसच्या ऑप्शन्स टेबलात साठते, प्लगइन फक्त ती बदलतं. बदल उलटवायचा तर काढण्याआधी प्लगइनमधूनच उलटवा.

आणि सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट: नकाशे गायब होणं. कच्चं एचटीएमएल (वेबपानाचा कोड) टाकायची परवानगी एडिटरपासून वर असते. सारंगखेड्याच्या यात्रेच्या लेखात एडिटरने आयफ्रेमने (दुसऱ्या साइटची चौकट पानात बसवणाऱ्या कोडने) नकाशा लावला आणि नंतर ऑथरने एक स्वल्पविराम बदलून अपडेट केलं, की नकाशा उडतो. सेव्ह करणारा जो, त्याच्या परवानगीप्रमाणे मजकूर गाळला जातो. ऑथरने नुसती यूट्यूबची लिंक वेगळ्या ओळीवर टाकली तर मात्र व्हिडिओ दिसतो.

गिरणाकाठ
हे उत्तम. आणखी दोन गोष्टी. जिल्ह्याच्या एडिटरने फक्त आपल्या जिल्ह्याचं बघावं, असं करता येईल का? आणि ओव्या सांगणाऱ्या आजींचं नाव लेखावर हवंय, त्यांना लॉगिन कुठे देणार?

पाटणादेवी_रोड
मूळ वर्डप्रेसमध्ये कॅटेगरीनुसार परवानगी नाही. एडिटर म्हटला की त्याला सगळं खुलं. ते बांधणारी वेगळी प्लगइन मिळतात. मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) करून प्रत्येक जिल्ह्याला वेगळी साइट देता येते, तिथे एकच माणूस एका साइटवर एडिटर आणि दुसरीवर कोणीच नाही असं जमतं. पण मल्टिसाइटमध्ये प्लगइन टाकणं आणि कच्चं एचटीएमएल दोन्ही फक्त सुपर ॲडमिनकडे (सगळ्या साइटांच्या वरच्या ॲडमिनकडे) जातं. नऊ जणांसाठी हे म्हणजे चौघांच्या भरितासाठी पंगतीचं पातेलं काढणं. कॅटेगऱ्या जिल्ह्याच्या करा आणि तीन एडिटरांनी आपसात ठरवून घ्या.

आजींसाठी 'को-ऑथर्स प्लस' प्लगइनमध्ये गेस्ट ऑथर करा. त्यात लॉगिन नसतं, पण नाव आणि फोटो देता येतो. ओवी सांगणारी आणि लिहून घेणारा, दोघांची नावं एकाच लेखावर लावता येतात.

लिहिणं सोडलेल्यांची खाती डिलीट करू नका. लेख नावावर झाले की युजर्स यादीत त्यांचा रोल 'नो रोल फॉर धिस साइट' करा. लेखावरचं नाव राहतं, आत काही करता येत नाही. कधी डिलीट करायचीच वेळ आली तर 'ॲट्रिब्यूट ऑल कंटेंट' निवडून दुसरं नाव द्या. तिथे 'डिलीट ऑल कंटेंट' दाबलं गेलं तर लेख एरवी ३० दिवस ट्रॅशमध्ये सापडतात, पण त्याने चढवलेले फोटो तिथल्या तिथे कायमचे जातात.

तापीतीर
एक राहिलं. कॅटेगरी फक्त एडिटरपासून वर तयार करता येते, टॅग मात्र कॉन्ट्रिब्युटरही करतो. महिन्याभरात 'केळी', 'केळीबाग', 'केयी' असे तीन टॅग झालेले दिसतील. आणि आजच 'सेटिंग्ज'मधलं 'जनरल' उघडून बघा: 'एनीवन कॅन रजिस्टर'ची टीक नको, आणि 'न्यू युजर डिफॉल्ट रोल' सबस्क्रायबरच हवा.