अपरिचित धबधब्याच्या पायथ्याशी कसे पोहोचावे?

पाऊलवाट यांचा प्रश्न

नमस्कार. जंगलातल्या एका धबधब्याकडे पुन्हा जाण्याचा विचार आहे, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. तिथे फारसे कोणी जात नाही. नकाशावर ओढ्याची निळी रेघ तेवढी दिसते आणि धबधब्याचे नाव फक्त जवळच्या वस्तीतल्या लोकांच्या तोंडी आहे. मागच्या वेळी आम्ही दोघे गेलो होतो. पाण्याचा आवाज स्पष्ट येत होता, पण त्या रोखाने चालत गेल्यावर पायवाट झुडपांत विरून गेली आणि आम्ही थेट कड्याच्या तोंडाशी येऊन थांबलो. पाणी आमच्या पायांखाली कुठेतरी कोसळत होते, दिसत मात्र नव्हते. अंधार पडायच्या आत परतणे भाग होते.

या वेळी आम्ही चौघे असू आणि त्यात माझी 11 वर्षांची भाची आहे. तिला चांगले पोहता येते, त्यामुळे खालच्या डोहात उतरण्याचा तिचा हट्ट आहे. पायथ्याकडे जाणारी वाट कशी शोधावी, डोह उतरण्याजोगा आहे की नाही हे काठावरून कसे ओळखावे, आणि पावसाळा नुकताच ओसरला असताना जावे की आणखी थांबावे, हे कृपया सांगावे.

कडेकपारी यांचे उत्तर

आवाजाच्या मागे जाणे हीच तुमची चूक झाली. घळीत आवाज दोन्ही कातळभिंतींवर आपटून घुमतो, त्यामुळे तो नेमका कुठून येतो हे कानांना कळत नाही. आणि वरच्या अंगाने गेलेला माणूस बहुतेक वेळा पोहोचतो तो धबधब्याच्या माथ्यावर, म्हणजे सर्वांत धोक्याच्या जागी.

उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा असलेला नकाशा घ्या. ओढ्याची रेघ जिथे अगदी दाटीने आलेल्या समोच्च रेषांना छेदते, तिथे कडा आहे असे समजावे. तिथून ओढ्याच्या प्रवाहाबरोबर नकाशावर खाली या आणि रेषा विरळ होऊन डोंगराची एखादी सोंड, म्हणजे खाली उतरत आलेला कणा, सौम्य उताराने ओढ्यापर्यंत पोहोचते ती जागा हेरा. आधी तिथे उतरायचे आणि मग काठाकाठाने वर, धबधब्याकडे चालायचे. हे अंतर जास्त पडते, पण कडा उतरण्याची वेळ येत नाही.

नकाशा मोबाइलमध्ये घरीच उतरवून ठेवा. मात्र अरुंद घळीत उपग्रहांचे संदेश भिंतींवरून परावर्तित होऊन येत असल्याने पडद्यावरचा ठिपका बराच चुकू शकतो, तेव्हा त्याच्या भरवशावर कड्याजवळ पाऊल टाकू नका. वाटेला जिथे फाटा फुटतो तिथे थांबून मागे वळून पाहण्याची सवय ठेवा, कारण परतताना तीच वाट ओळखू येत नाही.

शक्य असल्यास वस्तीतला वाटाड्या घ्या. तो मिळाला नाही तर धबधब्याची वाट विचारण्याऐवजी जनावरे पाण्यावर कुठून उतरतात ते विचारा. लोक धबधबा लांबून दाखवतात. पाण्यावर जाणारी वाट मात्र गुराख्याच्या रोजच्या पायाखालची असते.

डोहकाठ यांचे उत्तर

वाटेबद्दल वर उत्तम लिहिले आहे, म्हणून मी डोहापुरते लिहितो. भाचीला पोहता येते ही गोष्ट धबधब्याच्या ऐन खाली फारशी कामाची नाही. तिथले पांढरे, फेसाळ पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेले असल्यामुळे हलके असते. त्यात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही आणि हातांना रेटा मिळत नाही. शिवाय वरून कोसळणारे पाणी तळाशी जाऊन पुढे सरकते आणि पृष्ठभागावरचे पाणी उलट धारेकडे ओढले जाते.

काठावरून हे तपासण्याचा सोपा मार्ग म्हणजे वाळलेले पान पाण्यात टाकून पाहणे. पान सावकाश बाहेरच्या दिशेने गेले तर ठीक. ते धारेकडे परत आले किंवा एकाच जागी गरगरत राहिले तर पाण्यात पाय घालू नये. उतरायचेच असेल तर डोहाच्या बाहेर पडण्याच्या टोकाला, जिथे फेस नाही आणि तळाचे दगड मोजता येतात तिथे उतरावे, पण त्याआधी पुढे पाणी आणखी कुठे कोसळत नाही ना, हे चालत जाऊन पाहावे. सूर मारणे पूर्ण वर्ज्य. गार पाण्यात एकदम शिरल्यावर श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही काही चालत नाही.

धारेखाली उभे राहून फोटो काढण्याचा मोह अनेकांना होतो. अनेक धबधब्यांत वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असतो. पाणी खालचा थर पोखरते आणि आधार गेलेला वरचा कातळ तुकड्यातुकड्याने कोसळतो. नायगारा धबधबा याच रीतीने सुमारे 12,000 वर्षांत 11 किलोमीटरच्या आसपास मागे सरकला आहे. पायथ्याशी पडलेले धोंडे वरूनच आलेले असतात, एवढे ध्यानात ठेवले तरी मोह कमी होतो.

पाऊलवाट

दोघांचेही मनापासून आभार. एक गोष्ट सांगायची राहिली. जाताना आम्ही ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्यापर्यंत होते. परतताना ते नडगीपर्यंत आले होते आणि जरा गढूळ वाटले. आमच्याकडे पाऊस नव्हता, म्हणून आम्ही ते मनावर घेतले नाही.

कडेकपारी

तेच मनावर घ्यायला हवे होते. ओढ्याला येणारे पाणी तुमच्या डोक्यावरच्या आभाळातून नव्हे, तर वरच्या साऱ्या पाणलोटातून येते. निवळ पाणी गढूळ होणे, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, आवाज जड होणे, यांतले काहीही दिसले तर सामान गोळा करत बसू नये, ताबडतोब उंचावर जावे. वेगाने वाहणारे 15 सेंटीमीटर पाणीसुद्धा प्रौढ माणसाचे पाय उखडू शकते. पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला एक ठळक दगड हेरून ठेवा आणि तो किती भिजला आहे ते दर थोड्या वेळाने पाहा.

ओढा ओलांडताना अरुंद जागा निवडू नका. पात्र पसरट असते तिथे पाणी उथळ आणि संथ असते. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, म्हणजे पडल्यास ती झटकन टाकता येईल. धबधब्याच्या माथ्यालगत मात्र कितीही उथळ दिसले तरी ओलांडू नये. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू द्या, कारण धारेजवळ हाका ऐकू जात नाहीत. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर विश्रांती आणि पुन्हा सहा, हा मदतीचा संकेत डोंगरात अनेक ठिकाणी चालतो.

डोहकाठ

भाचीसाठी एक गंमत, आणि तीत सावधगिरीही आहे. धारेकडे मिनिटभर एकटक पाहून नजर बाजूच्या कातळावर नेली की कातळ वर सरकताना दिसतो. रॉबर्ट ॲडम्स यांनी 1834 मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यापाशी घेतलेल्या याच अनुभवाचे वर्णन लिहून ठेवले आहे. हा खेळ बसून करावा. निसरड्या दगडावर उभे राहून केला तर तोल जाण्याची शक्यता आहे.

पाऊलवाट

ओढ्याचे पाणी निवळेपर्यंत थांबायचे ठरवले आहे. समोच्च नकाशावर सोंड सापडली. मागच्या वेळी आम्ही तिच्या नेमक्या उलट्या अंगाला होतो. पान परत आले तर पाण्यात उतरायचे नाही, हे भाचीनेही कबूल केले आहे, मात्र पाने तीच टाकणार या अटीवर.