बोट नांगरून बेटावर उतरलात? वाटाड्याचे किस्से येऊ द्या

खारावारा: काल कपाट आवरताना जुन्या रेनकोटच्या खिशात एक वाळकं पान सापडलं. चुरगाळलं तर अजून लवंगेसारखा बारीक वास! कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावरचं आहे, तिथे 'बे' म्हणतात, तेल काढतात त्याचं. २०१६ला आम्ही सहा जण शिडाच्या बोटीने पोर्ट्समथच्या खाडीत शिरलो, नांगर टाकायच्या आधीच एक जण रंगीत होडी घेऊन हजर, उद्या सकाळी सहाला येतो म्हणाला आणि खरंच सहाला आला, आम्ही अर्धे झोपेत. इंडियन रिव्हरच्या तोंडाशी त्याने इंजिन बंद केलं. आत इंजिन चालवायला बंदीच आहे, फक्त वल्हं. दोन्ही काठांना ब्लडवूडची झाडं, मुळं अशी की कुणी भिंती वाकवून पाण्यात सोडल्यात. तो वल्ह्याने दाखवतोय, "इग्वाना, इग्वाना", मी पाच मिनिटं बघतोय, पानंच पानं. शेवटी म्हणाला तू बघतोयस ना ते पान नाही, शेपटी आहे. तेवढ्यात ते पान हललं :D

पुढच्याच वर्षी १८ सप्टेंबरला मारिया वादळ बेटावरून गेलं, पाचव्या श्रेणीचं. फोटो बघितले तर डोंगरावर हिरवं काही नाही, नुसत्या काड्या. त्या वाटाड्याचा फोन लागला नाही परत.

असो. तुमचे सांगा.

उगाच_एक: डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकच ना

खारावारा: नाही हो, वेगळा देश. कोलंबसला रविवारी दिसलं म्हणून ते नाव. (३ नोव्हेंबर १४९३. वाटाड्याने तीनदा सांगितलं, माझ्या डोक्यात बसलंय.)

शिडात_वारं: आम्ही बॉइलिंग लेक केला तिथलाच. जाऊन येऊन सहा-सात तास, चिखल, पायऱ्या, परत चिखल. त्यात मी अकरा दिवस बोटीवर राहून आलेली, जमिनीवर पाय ठेवला की जमीनच डुलते, वाटेत दोनदा झाड धरून उभी राहिले तर गाइडला वाटलं मी भावुक झाले. व्हॅली ऑफ डेसोलेशनमध्ये गंधकाचा वास, पायाखालचं पाणी उकळतंय, हा बाबा शांतपणे करडा चिखल काढून आमच्या तोंडाला फासतोय, त्वचेला चांगला म्हणे. तळं दिसलंच नाही, वाफ दिसली नुसती. मग वारा फिरला आणि दहा सेकंद मधोमध खदखदणारं राखाडी पाणी दिसलं. तेवढ्यासाठी सहा तास. परत जाईन.

उगाच_एक: ताई, बोट लागते का तुम्हाला? मला तर होडीचा फोटो बघून मळमळतं

शिडात_वारं: पहिले दोन दिवस सगळ्यांनाच. क्षितिजाकडे बघायचं, खाली केबिनमध्ये जायचं नाही, आणि मोबाइल तर अजिबात नाही.

दोन_वल्ही: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. ग्रेनेडाच्या वरच्या अंगाला एका छोट्या बेटावर डिंगीने उतरलो, सर आली धो धो, आम्ही पोरांना घेऊन झाडाखाली. आमच्याबरोबरचा म्हातारा एवढा शांत माणूस, तो ओरडत आला आणि दोघांना बखोटीला धरून बाहेर ओढलं. मँचिनीलचं झाड! पानांवरून गळणाऱ्या पाण्याने सुद्धा अंगावर फोड येतात. फळ दिसतं छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, वास गोड. स्पॅनिशमध्ये मरणाचं सफरचंद म्हणतात त्याला. धाकट्याच्या मुठीत एक होतं!! अजून आठवलं की पोटात गोळा येतो. कुठे कुठे खोडाला लाल पट्टा मारतात, इथे नव्हता. शिट्टी झाली, बाकी नंतर

खारावारा: बापरे

जुना_खलाशी: आमचं सेशेल्स. प्रालँ बेटावर व्हॅली द मे म्हणून माडांचं जंगल आहे, दर्याचा नारळ तिथलाच, फकिरांच्या हातात कटोरा असतो ना तो ह्याचा. एक बी पंधरा-वीस किलोचं, फळ पिकायला सहा-सात वर्षं. मी गाइडला विचारलं डोक्यावर पडलं तर? तो म्हणाला तर मी दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊन येईन.

मसाल्याचा_डबा: 😂😂 बांदा बेटांवर गेलंय का कुणी, इंडोनेशियातली? जायफळाची बाग बघितली. वर उंच केनारीची झाडं, त्यांच्या सावलीत जायफळ. काढायला लांब बांबू, टोकाला टोपली. गाइड मावशींनी फळ फोडलं तर आत जायपत्री चक्क लालभडक! आपण डब्यात बघतो ती वाळून पिवळट झालेली. त्याच मावशींनी समोरचं रन बेट दाखवलं, १६६७च्या तहात इंग्रजांनी ते डचांना सोडलं आणि मॅनहॅटन स्वतःकडे ठेवलं. सांगताना त्या अशा हसल्या की जणू त्यांचाच व्यवहार फसलाय.

उगाच_एक: लाल?? मला आयुष्यभर फसवलं गेलंय

दोन_वल्ही: आले. भात लागला खाली.

पाणकोंबडा: खारावारा, मी २०१९ला गेलो होतो त्या नदीवर. वल्हवणारे होते, झाडं पालवलेली, काही अजून भुंडी. तुमच्या माणसाची काही खूण?

खारावारा: वल्ह्यावर निळे-पिवळे पट्टे. सारखी शीळ घालायचा, दात न दिसता.

पाणकोंबडा: पट्टे सगळ्यांच्याच वल्ह्यांवर असतात हो. शीळ... एक होता. पण खात्री नाही, उगाच सांगत नाही. फोन जुना झालाय, त्यात व्हिडिओ असेल, चार्जर शोधतो.

मसाल्याचा_डबा: कसलं पिन आहे? माझ्याकडे तीन पडलेत.