अनुभव धागा: वस्तरा, काळ्या कपड्यातला माणूस आणि एक पोलिश सिनेमा

उंबरठा

परवा गावी दाढीला बसलो होतो. नेहमीच्या काकांकडे ब्लेडं संपलेली, म्हणून त्यांनी जुना वस्तरा काढला आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासायला लागले. सर्र... सर्र... मी साबण लावलेल्या तोंडानं खुर्चीतून उठलोच. "काय झालं?" "काही नाही, पोलंड आठवलं." काकांना वाटलं, मुलगा तिकडं असतो.

हॉस्टेलवर असताना कुणाच्या तरी हार्ड डिस्कवर आंजेय झुवाव्स्कीचा 'द्याबेव' (म्हणजे सैतान) सापडला होता. सबटायटल्स अर्धवट. रूममेट गावी, मी एकटा. साल १७९३, प्रशियाचं सैन्य पोलंडात घुसलेलं. एका मठाचा तुरुंग झालाय आणि त्यात वेडे, कैदी, जखमी, जोगिणी सगळ्यांची खिचडी. तिथं काळ्या कपड्यातला एक माणूस येतो, याकुब नावाच्या कैद्याला सोडवतो, घरी जा म्हणतो. याकुब घरी पोचतो तर बाप मेलेला, होणारी बायको मित्राच्या घरात, आईचं तर विचारूच नका. हा काळा माणूस पुन:पुन्हा उगवतो, लाडीगोडी लावतो आणि हातात वस्तरा देतो. पुढं नुसतं रक्त.

पण माझी झोप रक्तानं उडाली नाही. तो सैतान बदल्यात आत्माबित्मा मागत नाही हो! त्याला याकुबच्या कटातल्या साथीदारांच्या नावांची यादी हवी असते. शिंगं नाहीत, शेपूट नाही, कारकुनासारखा कागदाच्या मागे. तेव्हापासून कुणी न मागता फार मदत करायला लागलं की मी आधी त्याचे खिसे बघतो.

हा किंवा असला दुसरा पोलिश भयपट पाहिला असेल तर लिहा. कुठे, कुणाबरोबर पाहिलात, तेही.

कढीपत्ता

मी पयली! सिनेमा पाहिलेला नाही. दाढीचं पुढे काय झालं?

उंबरठा

अर्धी तिथं, अर्धी घरी येऊन केली. पैसे पूर्ण घेतले.

रीळवाला

हा नाही, पण कावालेरोविचचा 'मदर जोअन ऑफ द एंजल्स' (१९६१) आमच्या गावच्या फिल्म सोसायटीत पाहिलाय. शाळेचा हॉल, लोखंडी खुर्च्या, खिडक्यांना सतरंज्या. मठातल्या जोगिणींना भुतानं झपाटलंय आणि एक पाद्री ते उतरवायला येतो. मूळ प्रकरण फ्रान्समधल्या लूदँचं, तिथं १६३४ मध्ये ग्रांदिए नावाच्या पाद्र्याला जाळलं होतं. सिनेमा सुरू होतो त्याच्या नंतर. जाळलेला खांब अजून उभाच आहे आणि लोक त्याच्या बाजूनं ये-जा करताहेत, एवढ्यावरच अंगावर काटा आला.

त्यात पाद्री एका ज्यू रब्बीकडे सल्ला मागायला जातो. मी दोन दिवस मित्रांशी वाद घालत होतो की हे दोघे भाऊ आहेत, कथेत पुढं ते येणार होतं, रीळ कापलंय. शेवटी कळलं, दोन्ही कामं एकाच नटानं केलीत, मिएचिस्वाव वोइटनं. म्हणजे माणूस स्वत:शीच बोलत होता. हे कळल्यावर जास्त भीती वाटली.

साबुदाणा_वडा

+१. पांढऱ्या झग्यातल्या जोगिणी गरगर फिरतात तो सीन! माझी आई तेवढ्यात चहा घेऊन आली आणि म्हणाली, "छान आहे गं, फुगडी घालताहेत."

रीळवाला

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकूंना नमस्कार सांगा.

पुलावरून

नाव नक्की काय? दियाबेल की दियाबल? सगळीकडे वेगळंच ऐकलंय.

वॉर्साची_सून

शेवटच्या एलला काट मारलेली असते, त्याचा उच्चार व. म्हणून द्याबेव. सहा वर्षं इथं राहूनही भाजीवाली माझ्या उच्चारांना हसते, तुम्ही मनावर घेऊ नका.

घाईत लिहितेय, मुलाला शाळेतून आणायचंय. आमच्या आधीच्या घरमालकीणबाई १९६८ ला विद्यापीठात होत्या. त्या जानेवारीत वॉर्साच्या राष्ट्रीय रंगभूमीवरचं पोलिश कवी मिक्येविचचं 'जादी' हे नाटक सरकारनं बंद केलं, त्यावरून पोरं पेटली आणि ८ मार्चला विद्यापीठात निदर्शनं झाली. मग लाठ्या, अटका, ज्यूंना देशाबाहेर घालवणं. बाई सांगायच्या, त्यांच्या घोळक्यात एकजण होता, सगळ्यांना सिगरेटी वाटायचा, घोषणा सगळ्यात मोठ्यानं द्यायचा. नंतर कळलं, तो कुठल्याच वर्गात नव्हता. आम्ही 'द्याबेव' एकत्र पाहिला तेव्हा काळा माणूस पडद्यावर आला आणि त्या म्हणाल्या, "हा बघ, सिगरेटवाला." बास. पुढं अख्खा सिनेमा गप्प.

हा काळा माणूस म्हणजे सरकारी खबऱ्याच, हे सेन्सॉरलाही कळलंच असणार. १९७२ चा सिनेमा, अडवून ठेवला, १९८८ ला बाहेर आला. १७९३ चे कपडे घातले म्हणून कोण फसतंय?

जाता जाता: जादी म्हणजे पितर. पितरांना जेवूखाऊ घालायची जुनी रीत, तिच्यावरून नाटकाचं नाव. आपली सर्वपित्रीच की! परत आले की लिहिते.

उंबरठा

ताई, हे वाचून पुन्हा झोप उडाली. सिगरेटवाला...

खडूस_म्हातारा

मला अजिबात आवडला नाही. दोन तास माणसं किंचाळतात, लोळतात, फेफरं आल्यासारखी थरथरतात. कॅमेरा पण त्यांच्याबरोबर पळतो. मला भोवळ आली, बीपीची गोळी घ्यावी लागली. रूपक वगैरे सगळं मान्य, पण माणसानं एक वाक्य तरी बसून बोलावं.

साबुदाणा_वडा

काका, देश बुडत असताना बसून कोण बोलेल?

खडूस_म्हातारा

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला या. इमारत बुडतेय आणि सगळे बसूनच बोलतात.

तारीख_पे_तारीख

१७७२, १७९३, १७९५ अशा तीन घासांत पोलंड संपला. १७९३ च्या घासाला रशिया आणि प्रशिया दोघेच पंगतीला होते, ऑस्ट्रिया नव्हता. पुढं १९१८ पर्यंत नकाशावर नाव नाही. १७९५ च्या मार्चात आपले लोक खर्ड्याला निजामाला हरवून खुशीत होते आणि त्याच ऑक्टोबरात तिकडं एक अख्खा देश वाटून टाकला. तेवीस वर्षांत आपलाही नंबर लागला म्हणा.

पुलावरून

आले इतिहासवाले.

गिऱ्हाचा_भाचा

पोलिश भुतांवरून आठवलं. जहाजावर माझ्याबरोबर एक पोलिश इंजिनियर होता. त्याची आजी तळ्याकाठी जाऊ द्यायची नाही, तोपिएलेत्स ओढून नेईल म्हणायची. बुडून मेलेल्याचं भूत. मी म्हटलं, अरे हा तर आमचा गिऱ्हा! खाडीच्या पाण्यातला. माझ्या मामानं गिऱ्हा पाहिलाय अशी त्याची ठाम समजूत आहे (त्या रात्री मामानं काय घेतलं होतं हे मामी जास्त ठाम सांगते). त्यांच्यात स्त्झिगा पण असते, दोन आत्मे आणि दातांच्या दोन ओळी घेऊन जन्मलेली. आमचं भुतांच्या देवाणघेवाणीवर अख्खं एडन ते सुएझ निघालं.

सिनेमा नाही पाहिला. सॉरी.

कढीपत्ता

दातांच्या दोन ओळी?? माझ्या लेकीचे दुधाचे पडायच्या आत मागून नवे आलेत, आत्ताच डेंटिस्टकडे जाऊन आले. आता रात्री तिच्याकडे बघू कशी.

पंचगंगा

विषय पोलंडचा म्हणून. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बायका-पोरंच जास्त. आमची पणजी तिथं अंडी विकायची. ती सांगायची, त्या बायका नोव्हेंबरच्या सुरुवातीला थडग्यांवर मेणबत्त्या लावून बसायच्या, कुणी रडायचं नाही, नुसतं बसायचं. पणजीला वाटायचं, ह्या भुतांना बोलावताहेत. वरची पितरांची गोष्ट वाचल्यावर वाटलं, म्हातारी अगदीच चुकीची नव्हती.

वॉर्साची_सून

@पंचगंगा, आई गं. १ नोव्हेंबर. इथं अजूनही त्या संध्याकाळी स्मशानं लांबून उजळलेली दिसतात. आमच्याकडे ट्रॅमसुद्धा जादा सोडतात.

नटांचा_वकील

सैतानाला कुणीच नावानं ओळखलं नाही? वोयचेह प्शोन्याक! दिग्दर्शक वायदाच्या फ्रेंच क्रांतीवरच्या 'डाँटन'मधला आजारी, घामेजलेला रोबेस्पिएर तोच, आणि अनाथ ज्यू पोरांबरोबर नाझींच्या छावणीत मरायला जाणारा डॉक्टर कोर्चाकही तोच. मी आधी 'कोर्चाक' पाहिला होता, त्यामुळे सैतान आला तरी मला वाटत राहिलं, हा चांगलाच असणार, काहीतरी कारण असेल. शेवटपर्यंत त्याच्या बाजूनं होतो. याकुबसारखाच फसलो.

नायिका माऊगोझाता ब्राउनेक तेव्हा दिग्दर्शकाची बायको. पुढं तिनं बरीच वर्षं अभिनय सोडला आणि झेन बौद्ध गुरू झाली. त्या सिनेमातला आरडाओरडा आठवला की वाटतं, योग्य निर्णय.

खडूस_म्हातारा

बघा! तिलाही शांतता हवी होती.

रीळवाला

संगीताबद्दल लिहायचं राहिलं का कुणाचं? पोराकडून मागवून कालच पाहिला. अठराव्या शतकातले घोडे आणि मागे कोझिन्स्कीची विजेरी गिटार. आधी वाटलं शेजाऱ्याकडे वाजतेय, भिंत ठोकून आलो.

कढीपत्ता

काल रात्री आम्हीही लावला. नवरा "मी नाही घाबरत" म्हणून बसला. मठातला तुरुंग संपेपर्यंत पांघरूण नाकापर्यंत, वस्तरा आला तेव्हा "उद्या ऑफिस आहे" म्हणून बंद केला. उद्या रविवार. आता टाकी भरलीय आणि खाली जाऊन मोटर कोणी बंद करायची यावर भांडण चालू आहे. पाणी वाहतंय.