दुसऱ्या मशीनचा सिरियल पोर्ट घरून कसा वापरायचा?

शेडमधल्या रास्पबेरी पायला (छोटा कॉम्प्युटर) यूएसबी-सिरियल केबलने वजनकाटा लावलाय, ९६०० बॉडवर (डेटाचा स्पीड). डेटा घरच्या उबंटू लॅपटॉपवर हवाय, पण सॉफ्टवेअर जुनाट, त्याला सिरियल पोर्टच लागतो, आयपी-बियपी कळत नाही. दर वेळी शेडात पळून वैताग आलाय राव.

उत्तर १: पायवर सेरटूनेट (ser2net, सिरियल पोर्ट नेटवर्कवर आणणारा प्रोग्राम) टाक, त्याला एक टीसीपी पोर्ट (नेटवर्कवरचा नंबर) दे, मग लॅपटॉपवर सोकॅट (socat, दोन कनेक्शन जोडणारा प्रोग्राम) चालव, त्याला पीटीवाय (खोटं टर्मिनल) आणि लिंक (त्याचं नाव) हे ऑप्शन सांगितले की तो खोटा पोर्ट बनवतो, सॉफ्टवेअरला तोच दाखव.

उत्तर २: बरोबर, पण एक लोचा आहे. खोट्या पोर्टवर बॉड रेट बदललास तरी तो पलीकडे पोचत नाही, म्हणून स्पीड सेरटूनेटच्या कॉन्फिगमध्येच लिही. आणि पोर्ट असा उघडा टाकू नकोस, पासवर्ड-बिसवर्ड नसतो, कोणीही घुसेल. लोकलहोस्टवर (फक्त पायच्या आत) ठेव आणि एसएसएच टनेल (एन्क्रिप्टेड वाट) मार.

प्रश्नकर्ता: झालं एकदाचं! आधी पायवर मिनिकॉमने (सिरियल पोर्ट वाचायचा प्रोग्राम) तपासायला गेलो तर परमिशन डिनाइड, युजर डायलआउट ग्रुपमध्येच (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेला ग्रुप) नव्हता. ते सुटलं तर आकड्यांऐवजी नुसता कचरा, काटा निघाला ७ बिट इव्हन पॅरिटीवाला (दर अक्षराला ७ डेटा बिट आणि एक तपासणीचा बिट), मी ८ बिट धरून बसलेलो. आता घरूनच वजन दिसतंय.