एरोबॅटिक्स (विमानाच्या कसरती) सुरू झाल्यापासून प्रत्येक सॉर्टीत (उड्डाणात) उलटी होतेय, हे जातं का?

नवा_कॅडेट
मिलिटरी पायलटचं ट्रेनिंग चालू आहे, बेसिक ट्रेनरवर. सर्किट, लँडिंग सगळं नीट झालं, एकट्याने उडवून सोलोही झाला, पण एरोबॅटिक्स सुरू झाले आणि पोट साथच देईना. लूप (हवेत उभं गोल चक्कर) आणि बॅरल रोल (पुढे जाताना गिरकी) पाठोपाठ झाले की तोंडाला पाणी सुटतं, थंड घाम येतो आणि पिशवी काढावीच लागते. त्यानंतर सर काय सांगतात ते ऐकू येतं पण डोक्यात शिरत नाही, म्हणजे सॉर्टी वाया. सर रागावत नाहीत. बॅचमधला एक जण म्हणतो गुपचूप गोळी घे. लहानपणापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं हो. हे होऊनही पुढे गेलेलं कोणी आहे का इथे?

एक_बॅच_पुढे
आहे ना, मीच आहे, आता जेटवर आहे. मला सगळ्यात फरक पडला तो कंट्रोल माझ्या हातात असताना. जो स्वतः विमान उडवतो त्याला कमी मळमळतं कारण पुढच्या क्षणी काय होणार ते त्याला आधीच माहीत असतं, नुसता बसलेला माणूस जास्त आजारी पडतो. म्हणून सरांना सांग की डेमो झाला की लगेच मला द्या. आणि खोलीत खुर्चीवर बसून आख्खी सॉर्टी हातापायांनी करत जा, लूपला कुठला स्पीड, नजर कधी कुठे, वर उलटं झाल्यावर क्षितिज कुठून येणार, सगळं तोंडाने बोलत. लूप ओढताना मान सीटला टेकलेली ठेव, त्या वेळी खाली वाकून मांडीवरचं नी-पॅड (नोंदींची पाटी) अजिबात बघू नकोस. पोट आणि पाय आवळायचे विसरू नकोस, तीन-चार जी ला, म्हणजे अंगाचं वजन तीन-चार पट वाटतं तेव्हा, डोळ्यापुढे करडं व्हायला लागतं आणि ते दिसलं की माणूस अजूनच घाबरतो.

फ्लाइट_सर्जन
आधी गोळीचं. घेऊ नकोस. मळमळीच्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, रिअ‍ॅक्शन मंदावते, आणि डॉक्टरला न सांगता औषध घेऊन कॉकपिटमध्ये बसणं मिलिटरी फ्लाइंगमध्ये कुठेच चालत नाही.
आता कारण. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यातलं द्रव डोकं फिरलं की मागे राहतं आणि मेंदूला कळतं की आपण वळतोय. डोळे आत डायलवर असले तर ते सांगतात सगळं स्थिर आहे. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून मळमळ. ज्यांचं हे तोल सांभाळणारं इंद्रिय दोन्ही कानांत निकामी असतं त्यांना गाडी किंवा विमान लागतच नाही, म्हणजे तुला होतंय ते निरोगी कानाचं लक्षण आहे, हे खरंच मनावर घे. बहुतेकांचा मेंदू या गतीला सरावतो. नाहीच सरावला तर फिरत्या खुर्चीवर थोडं थोडं वाढवत सराव देतात, बारानी खुर्ची म्हणतात तिला, रॉबर्ट बारानींना याच इंद्रियावरच्या कामासाठी 1914 चं नोबेल मिळालं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना स्वतःहून जाऊन भेट, लपवू नकोस.

जुना_इन्स्ट्रक्टर
बाळा, मी कितीतरी पोरं बघितलीत पिशवी हातात घेऊन उतरलेली, आणि त्यातली चांगली फायटर उडवतात आज. आम्ही बघतो ते एवढंच की उलटी झाल्यावर पोरगा परत स्टिक धरतो का आणि स्पीड, हाइट सांभाळतो का. तोंडाला पाणी सुटलं की तेव्हाच सांग, "सर, दोन मिनिटं लेव्हल." लेव्हल, हवेचा झोत तोंडावर, नजर लांब क्षितिजावर, आणि बरं वाटलं की परत एक रोल. पूर्ण आजारी पडेपर्यंत दात आवळून बसलास तर दिवस गेलाच. हवामानामुळे चार दिवस उडणं बंद झालं तर सवय थोडी मोडते, पहिली सॉर्टी जड जाईल, त्यावरून खचू नकोस. आणि हा कान पुढे ढगात पण फसवणार आहे, विमान सरळ असताना वाकडं वाटेल, तिथे आर्टिफिशियल होरायझन, म्हणजे विमान सरळ की वाकडं ते दाखवणारा डायल, सांगेल तेच खरं धरायचं.

नवा_कॅडेट
सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी नाही घेत. डॉक्टर, सकाळी रिकाम्या पोटी गेलं तर बरं का?

फ्लाइट_सर्जन
नाही, उपाशी पोटी जास्त त्रास होतो. हलकं, कमी तेलकट खा, पाणी पी, आणि आदल्या रात्री पुरेशी झोप.